पंगत मोठी होत गेली: पंडिता रमाबाई आणि प्रभूचे मेज

आजचे वाचन: १ करिंथ ११:१७-३४
सोबत वाचा: १ करिंथ १०:१६-१७ आणि योहान ४:१-२६



आज आधी एक कबुली देते. गेले कित्येक महिने मी प्रभुभोजन एकटीच घेत होते. रविवारी सकाळी फ्लॅटमध्ये, मोबाईलवर उपासना चालू, पुढ्यात एक बिस्किट आणि छोट्या वाटीत द्राक्षाचा रस. लॉकडाऊनमध्ये ती सोय होती आणि त्या दिवसांत तिने धीरही दिला. लॉकडाऊन संपला, पण माझी सोय संपली नाही. खरं कारण ट्रॅफिक नव्हतं. मंडळीतल्या एका ताईशी माझं बिनसलं होतं आणि तिच्या शेजारी बसून त्याच ताटातली भाकर घ्यायची माझी तयारी नव्हती.

माझं आजोळ शिरूर. मागच्या महिन्यात आजीकडे गेले तेव्हा तिने सहज विचारलं, हल्ली चर्चमध्ये तुझ्या हातात ताट कोण देतं? मला उत्तर देता आलं नाही. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, केडगावला जाऊन येऊ. न्हावऱ्यावरून, भीमा ओलांडून, आम्ही चौफुल्याला आणि तिथून केडगावला गेलो. दौंड तालुक्यातलं हे रेल्वे स्टेशनचं गाव जगभरच्या ख्रिस्ती लोकांना एका बाईमुळे माहीत आहे. पंडिता रमाबाई आणि त्यांचं मुक्ती मिशन.

रमाबाईंबद्दल आपण शाळेत दोन ओळी वाचलेल्या असतात: विदुषी, समाजसुधारक, शारदा सदन. पण आजचं वाचन मनात ठेवून त्यांचं आयुष्य पाहिलं की वेगळंच काही दिसतं. त्या आयुष्यात पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येतो: कोण कोणाबरोबर बसून जेवणार?

एक तुकडा भाकर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी जातीतल्या लोकांचा रोष पत्करला. पुढे आईनेच लेकीला शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना तोंडपाठ होते.

हे कुटुंब तीर्थाटन करत देशभर पायी फिरायचं. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर जगायचं. सोवळं अगदी कडक. हलकं मानलेलं काम करायचं नाही, कोणाच्याही हातचं खायचं नाही, आणि तोंड उघडून भीकही मागायची नाही. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं. शेवटी रानात झाडाच्या पाल्यावर आणि पाण्यावर दिवस काढायची वेळ आली. १८७४ साली वडील गेले. काही महिन्यांतच आईही त्याच वाटेवर होती.

इथला एक प्रसंग रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. आई भुकेने तळमळत होती. सोळा वर्षांची रमा धीर करून शेजारच्या एका बाईकडे गेली. मागायला तोंड उघडेना. कसेबसे शब्द फुटले आणि त्या बाईने बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा दिला. रमा तो घेऊन परत आली, पण आईच्या अंगात तो खाण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

आई गेल्यावर खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास. चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून तिला तिरडीचं टोक डोक्यावर घ्यावं लागलं.

थोडं थांबा इथे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात प्रभू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो. ब्रेड नाही, भाकर. शिरूर-दौंडकडच्या कोरडवाहू गावांत बाजरीची भाकरी म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ती असेल तर घर चालतं. नसेल तर माणूस मरतो. उशिरा पोचली तरी मरतो. करिंथच्या मंडळीवर पौल एवढा का चिडला ते मला या प्रसंगामुळे कळलं. ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून मोकळे होत होते आणि गरीब भाऊबहिणी उपाशी बसत होत्या. आणि हे सगळं प्रभूच्या भोजनाच्या नावाखाली.

कलकत्त्यातला चहा

काही काळाने बहीणही गेली. उरलेली दोघं भावंडं चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती हे किताब दिले. एका रात्रीत नाव झालं.

त्याच शहरात या दोघांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचं बोलावणं आलं. गेले तर काय, आपले लोक आणि इंग्रज एकत्र खुर्च्यांवर बसून पाव-बिस्किटं खात होते, चहा पीत होते. यांनाही आग्रह झाला. दोघंही हादरले. रमाबाईंना वाटलं की कलियुग पुरतं आलं. नंतर लोक खुर्च्यांपाशी गुडघे टेकून प्रार्थना करू लागले, तर यांना वाटलं की हे खुर्च्यांनाच नमस्कार करताहेत. रमाबाईंनी पुढे स्वतःच ही आठवण प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे.

एकत्र खाणं ही तेव्हा त्यांना सगळ्यात भीतीदायक गोष्ट वाटली होती. मला हे वाचून बरं वाटलं. प्रभूच्या मेजावर मोकळेपणाने बसणं हे सगळ्यांना पहिल्या दिवशीच जमतं असं नाही.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे जातीच्या पंगतीतून दोघंही बाहेर. लेक मनोरमा झाली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. आईवडील नाहीत, बहीण-भाऊ नाहीत, नवरा नाही, जात नाही. पान मांडायला कोणाचीच पंगत उरली नव्हती.

विहिरीवरची बाई

त्या पुण्याला आल्या. १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. या भगिनींचं लंडनजवळ फुलहम इथे एक घर होतं. समाजाने वाळीत टाकलेल्या, पतित म्हणून ओवाळून टाकलेल्या स्त्रियांना तिथे जवळ केलं जायचं. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या चक्रावल्या. असं कोणी का करावं? तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखवण्यात आली.

आज ती गोष्ट पुन्हा वाचा आणि एका गोष्टीकडे लक्ष द्या. यहूदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला हात लावत नसत. आणि प्रभू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिच्या भांड्यातलं. सोवळ्यात वाढलेल्या रमाबाईंना यात काय आहे हे कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण प्रश्न संपले नाहीत. इंग्लंडमध्ये इतके पंथ, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, हे पाहून त्या गोंधळल्या. त्यांनी वाद घातले, लांबलचक पत्रं लिहिली, आणि एकाच पंथाच्या चौकटीत स्वतःला बसवून घ्यायला नकार दिला. आपण ख्रिस्ताच्या मंडळीचे आहोत, एवढं त्यांना पुरेसं होतं. प्रभूला आपण खरंच वैयक्तिकरीत्या ओळखलं, असा अनुभव तर त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास आला.

दरम्यान अमेरिकेचा दौरा करून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. उच्च मानलेल्या जातींतल्या बालविधवांसाठी हे घर होतं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. या घरात मुलींना त्यांचे सोवळ्याचे नियम पाळायची मुभा होती. स्वतः ख्रिस्ती असूनही रमाबाईंनी कोणाला आपल्या ताटाशी ओढलं नाही. तरी १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसतात म्हणून पुण्यात गदारोळ झाला आणि बऱ्याच जणींना घरच्यांनी काढून नेलं.

मला वाटतं, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. प्रभूचं मेज हे जबरदस्तीचं मेज नाही. रमाबाईंनी दार उघडं ठेवलं आणि वाट पाहिली.

केडगावची पंगत

केडगावला रमाबाईंनी शेतजमीन घेतली होती, सदनाला फळं-धान्यातून उत्पन्न मिळावं म्हणून. देवाच्या मनात वेगळं होतं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या ऐकल्या आणि रमाबाईंना स्वतःची सोळा वर्षांची रमा आठवली असणार. त्या तिकडे गेल्या आणि काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, तिथे एवढ्या जणींना ठेवता येईना. म्हणून सगळ्यांना केडगावच्या मोकळ्या शेतावर आणलं. तेव्हा ना इमारती होत्या, ना सोयी. तिथे मुक्ती उभं राहिलं. १९०० मध्ये गुजरातेतला दुष्काळ आला, तिथूनही शेकडो मुली आल्या, आणि मुक्तीतल्या माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

रोज दोन हजार ताटं. आसपासच्या भागातही टंचाई. विहिरी खोदल्या, शेती केली, दळण, स्वयंपाक, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच करायच्या. अंध मुलींसाठी बर्तिमी सदन निघालं आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवलं. जगाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीती सदन. फुलहमला पाहिलेलं घर आता भीमेच्या खोऱ्यात उभं होतं.

या मुली वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या जातींतल्या, वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या. उपासमारीतून आलेलं माणूस वाटून खायला सहजासहजी तयार होत नाही. पुढचं जेवण मिळेल याचाच त्याला भरवसा नसतो. त्यांना शेजारणीसाठी थांबायला शिकवणं म्हणजे काय काम असेल, याचा विचार करा. पौलाने करिंथकरांना हेच तर सांगितलं होतं, की जेवायला जमलात तर एकमेकांची वाट पाहा. आपल्याला ती शिष्टाचाराची सूचना वाटते. मुक्तीत ती रोजची साधना होती.

मुलींपैकी अनेकींनी प्रभूवर विश्वास ठेवला. बैलगाड्यांतून भीमेवर जाऊन बाप्तिस्मे झाले. मुक्तीत काम करायला वेगवेगळ्या पंथांची माणसं आली. अमेरिकन मेथॉडिस्ट मिनी अब्राम्स त्यांपैकी एक. पण रमाबाईंनी मुक्ती कोणत्याही एका पंथाच्या नावावर केलं नाही.

हे तेव्हा किती अवघड होतं? भीमेच्या अलीकडे शिरूरला आणि वर अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या आधीपासून होत्या. त्यांत बहुतेक लोक तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींतून आले होते, मोजके ब्राह्मणही होते. ज्या गावात पाणवठे वेगळे, तिथे रविवारी एकाच भाकरीतून खायचं आणि एकाच प्याल्यातून प्यायचं. तेवढ्या एका कृतीत अख्खं शुभवर्तमान होतं. कोणी मनातल्या मनात, घरी एकटं बसून ते करू शकला असता का? एकट्याच्या प्याल्याला कोणाचाच विटाळ होत नाही. म्हणूनच एकट्याचा प्याला काही सिद्धही करत नाही.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना संजीवनासाठी प्रार्थनेला बोलावलं. हळूहळू साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस पवित्र आत्म्याचं काम असं सुरू झालं की मुली रडत पापं कबूल करू लागल्या, एकमेकींसाठी प्रार्थना करू लागल्या. आपण या संजीवनाबद्दल बोलताना अग्नी आणि अश्रूंबद्दल बोलतो. पण ते आलं कुठे? एकत्र जमलेल्या, एकत्र जेवणाऱ्या, एकमेकींना रोज सहन करणाऱ्या बायकांमध्ये.

ऐकू येत नसलेली बाई

रमाबाईंना तरुणपणापासूनच ऐकायला कमी येत होतं. डॉक्टर व्हायचं त्यांचं स्वप्न त्यामुळेच राहून गेलं. मला राहून राहून वाटतं, इतक्या गर्दीच्या उपासनेत त्यांना किती ऐकू जात असेल? पण हातातून हातात येणाऱ्या भाकरीला कान लागत नाहीत. शेजारची बाई ताट पुढे करते, तेवढं पुरतं. माझ्या मोबाईलवर आवाज अगदी स्वच्छ येत होता. हात मात्र कोणाचाच येत नव्हता.

शेवटची वर्षं त्यांनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला दिली. इब्री आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत. संस्कृतात ज्यांची बरोबरी पंडित करू शकत नव्हते, त्यांनी मुद्दाम सोपे शब्द शोधले, कारण त्यांना शास्त्राची भाकरही सगळ्यांच्या हाताला लागेल अशी मोडायची होती. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. पोटची एकुलती एक लेक. रमाबाई काम करत राहिल्या. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. भाषांतर १९२४ साली पूर्ण छापून निघालं. आईच्या तिरडीला जिच्याशिवाय चौथा माणूस मिळाला नव्हता, तिच्यासाठी रडायला त्या दिवशी अख्खं केडगाव होतं.

आज आपल्यासाठी

प्रियांनो, एक गैरसमज होऊ नये. जे आजारी आहेत, अंथरुणाला खिळलेले आहेत, ज्यांच्या गावात मंडळीच नाही, त्यांना मी दोष देत नाही. पाळक आणि दोघे-तिघे जण भाकर घेऊन त्यांच्या घरी जातात, कारण त्यांच्याशिवाय पंगत अपुरी असते. आजीच्या शेजारी एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे मंडळी अशीच जाते. ते एकटे खात नाहीत. मंडळीच त्यांच्या खाटेपर्यंत लांब होते.

मी माझ्यासारख्यांबद्दल बोलते आहे. जे येऊ शकतात, पण येत नाहीत. कोणीतरी नको असतं म्हणून. आपल्या वेळेनुसार, आपल्या मूडनुसार, आपल्या वाटीत. पौल म्हणतो की भाकर एक आहे म्हणून आपण अनेक असूनही एक शरीर आहोत. शरीर न ओळखता खाणं धोक्याचं आहे, असंही तो बजावतो. मी इतकी वर्षं ते वचन वाचून फक्त स्वतःची पापं मोजत होते. शेजारी बसलेलं शरीर मला दिसलंच नव्हतं.

केडगावहून परत येताना भीमेच्या पुलावर आजीने विचारलं, त्या ताईचा नंबर आहे ना अजून? आहे. त्या रात्री मी फोन केला. बोलणं फार गोड झालं असं नाही. थोडं अवघडलेलं झालं. पण या रविवारी मी जाणार आहे आणि ताटाची वाट पाहत बसणार आहे. कोणाच्या हातून येतंय ते प्रभू बघेल.

मननासाठी

१. प्रभूच्या मेजावर कोणाच्या शेजारी बसायचं मी टाळतो किंवा टाळते?
२. माझ्या मंडळीत असा कोण आहे, ज्याची कोणीच वाट पाहत नाही?
३. या आठवड्यात मी कोणाबरोबर बसून एक साधं जेवण करू शकेन?

प्रार्थना

प्रभू येशू, तू शोमरोनी बाईच्या भांड्यातलं पाणी मागितलंस आणि तुला धरून देणाऱ्यालाही आपल्या ताटातून घास दिलास. मी मात्र माझी वाटी वेगळी ठेवली. मला क्षमा कर. केडगावच्या माळावर तू जशी पंगत मोठी केलीस, तसं माझं मन मोठं कर. मला थांबायला शिकव, सरकून जागा द्यायला शिकव. आणि ज्यांना आज भाकरीचा तुकडाही मिळालेला नाही, त्यांच्यापर्यंत पोचायला उशीर होऊ देऊ नकोस. तुझ्याच नावाने मागते. आमेन.